चोळायचं नाही, टेकवायचं

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. कोणी विषय काढला की पाणी प्यायला उठायचो, नाहीतर टीव्हीचा आवाज वाढवायचो. आताही टाळली असती. पण बायकोच्या वर्षश्राद्धाला माझी बहीण जोगेश्वरीहून आली आणि पानावर बसल्या बसल्या म्हणाली, "वहिनी लाख चांगली होती रे दादा, पण नटण्यापायी स्वतःच्या तोंडाची वाट लावून घेतलीन."

माझी मुलगी पानात वाढत होती. तिने मान डोलावली. "आईला पार्लरचं वेडच होतं ना, आत्या."

आणि मी? मी खिरीची वाटी पुढे केली.

त्या दिवसापासून डोकं तापलंय. बहिणीवर, मुलीवर, आणि वाटी पुढे करणाऱ्या त्या म्हाताऱ्यावर सगळ्यात जास्त. जिच्या नावाचं जेवण जेवायचं, तिच्यावरच आळ घ्यायचा? म्हणून लिहितो आहे. नातेवाइकांनी वाचावं, म्हणूनच.

ती नटवी नव्हती. आम्ही घाटकोपरला चाळीतून बिल्डिंगमध्ये राहायला आलो तेव्हा तिचं सगळं प्रसाधन म्हणजे आंघोळीनंतर पावडरचा एक हात, टिकली, आणि थंडीत ओठांना माहेरचं भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल. पार्लरमध्ये ती फक्त भुवया करायला जायची, तेही सणावाराला. मुलीच्या वेळच्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांग आले. तपकिरी, पसरट डाग. सहाणेवर दुधात जायफळ उगाळून ती लावायची. डाग जायचे नाहीत, पण तिला त्याचं फारसं काही वाटायचंही नाही. वाटायचं ते मला.

मुलीचा साखरपुडा ठरला. व्याही मुलुंडचे, सगळं घर गोरंगोमटं. हॉलवर व्हिडिओवाला येणार, आणि स्टेजवर माझ्या शेजारी डागाळलेल्या गालांची बाई उभी राहणार. ही लाज माझी होती, तिची नव्हे. ऑफिसातला एकजण म्हणाला, "अरे, मेडिकलमध्ये ट्यूब मिळते. थोड्या दिवसांत चेहरा एकदम झकास." मी स्टेशनजवळच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चिठ्ठी मागितली नाही, कोणासाठी हवी ते विचारलं नाही. साबणाची वडी द्यावी तशी दिली.

ती म्हणाली, "अहो, डॉक्टरांना विचारूया का आधी?"

"डॉक्टर काय सांगणार? लाव तू."

तिने लावली. चेहरा खरंच उजळला. साखरपुड्यात बायका विचारत होत्या, काय लावलंस गं? ती माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "जायफळ." मी खूश. मग ट्यूब संपली की मी न सांगता दुसरी आणायला लागलो. लावणं थांबवलं की तोंडाची आग व्हायची, डाग पहिल्यापेक्षा काळे होऊन परत यायचे. मी म्हणायचो, "मग थांबवतेस कशाला?" हळूहळू तिच्या गालांची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झाली. खालच्या लाल शिरा दिसायला लागल्या. तरुणपणी कधी आले नव्हते ते मुरूम पन्नाशीत हनुवटीवर आले.

त्या थंडीत आम्ही सगळे मनोरीला गेलो होतो. मार्व्याच्या धक्क्यावरून खाडी ओलांडायला होडीत बसलो आणि तिने छत्री उघडली, पदर नाकापर्यंत ओढून घेतला.

"काय गो वहिनी, समुद्रावर छत्री?" बहिणीने सुरुवात केली.

"ऊन झोंबतं हो वन्सं."

"झोंबणारच! पार्लरमध्ये कायबाय फासून घ्यायचं वय आहे काय आपलं? आमच्या बिल्डिंगमधल्या एकीने ब्लीच केलं, तिचं असंच माकडासारखं लाल झालं होतं."

मुलगी घाबरून म्हणाली, "आई, खरंच ब्लीच केलंस तू?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. बोलायची वेळ माझी होती, आणि मी बोललो. "मी केव्हाचा सांगतोय तिला, त्या पार्लरमध्ये जाऊ नको. ऐकेल तर ना!"

होडीत हशा पिकला. तिने छत्री माझ्या बाजूला कलती केली. पलीकडच्या काठापर्यंत मला फक्त छत्रीचं कापड दिसत होतं.

पुढे दुखणं वाढलं तेव्हा जावयाने मुलुंडच्या एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी चेहरा बघताक्षणी सांगितलं, "हे स्टेरॉइडच्या मलमाने झालंय. तोंडाला असं महिनोन्महिने लावायचं नसतं. कोणी दिलं?"

मी शेजारच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसलो होतो. ती म्हणाली, "मीच आणलं. कोणीतरी सांगितलं म्हणून."

बाईंनी तिला चांगलं फैलावर घेतलं. शिकलेल्या बायका तुम्ही, वगैरे. ती मान खाली घालून ऐकत होती. ती बोलणी माझी होती. ती तिने खाल्ली, आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "चहा घ्यायचा का?" मलमाचं घरी आम्ही कोणालाच सांगितलं नाही.

मग तिचं ते सुरू झालं, ज्याला आमच्या घराने नटणं म्हटलं. उटणं बंद, जायफळ बंद, वासाचा साबण बंद. फेस न होणाऱ्या क्लीन्झरने तोंड धुवायचं, पुसायचं नाही, ओलसर असतानाच क्रीम लावायचं. मग सनस्क्रीन, तेही घरात, कारण स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन येतं आणि वांग त्यानेही गडद होतात. दुपारी पुन्हा. एप्रिल-मेमध्ये घामाने सगळं ओघळायचं, म्हणून तेव्हा पातळ लोशन. डिसेंबरात गाल ताणायचे, तेव्हा घट्ट क्रीम. बरेच महिने एवढंच. कातडीची आग थांबल्यावर कुठे लग्नकार्यापुरता मेकअप. लालीवर हिरवट रंगाचा कन्सीलर, डागावर नारिंगी, वरून तिच्या कातडीच्या रंगाचा पातळ हात. पावडर नाही, कारण ती कोरड्या गालावर भेगांत बसते. हे सगळं ती चुकत, शिकत, एकेक वस्तू आधी कानामागे लावून बघत बसवत गेली.

आणि आम्ही? "भाकऱ्या भाजायला सनस्क्रीन?" हा विनोद माझा. पाहुणे हसायचे. आरशासमोर दिसली की बहीण म्हणायची, "आली बघा हिरॉईन." नवऱ्याने बिघडवलेलं ती बाई रोज सकाळी उठून निस्तरत होती, आणि आम्ही सगळे मिळून तिला नटवी ठरवत होतो! चीड येते. परवा त्याच स्टेशनजवळ एका दुकानात कॉलेजातल्या मुलीला तसलीच ट्यूब दिलेली मी पाहिली. मी ओरडलो, "अहो, काय देताय हे?" दुकानदार म्हणाला, "काका, तुम्हाला काय पाहिजे ते बोला ना." मुलगी ट्यूब घेऊन गेली. काकाला आता कंठ फुटला, त्याचा उपयोग काय?

शेवटच्या वर्षांत तिचे हात थरथरायला लागले. बाटलीचं झाकण उघडेना, बोट डोळ्यात जाई. मग ते काम माझ्याकडे आलं. पहिल्या दिवशी मी क्रीम घेऊन गालावर हात फिरवला.

"अहो, भिंतीला चुना लावताय का?"

"मग कसं?"

"चोळायचं नाही. टेकवायचं. कातडी राहिलीय कुठे चोळायला?"

मी शिकलो. तिने सांगितलं त्या क्रमाने, मधल्या बोटाने, टेकवत टेकवत. ती खुर्चीवर बसून डोळे मिटून चेहरा वर धरायची, लहान मूल धरतं तसा. माझा चेहरा तिला दिसायचा नाही. सांगून टाकायला याहून सोपी जागा देवाने दिली नसती. मी रोज सकाळी ठरवायचो, आज. क्रीम संपायचं, सनस्क्रीन संपायचं, ती डोळे उघडायची आणि म्हणायची, "झालं?" मी म्हणायचो, "झालं."

एकदाच तोंडातून निघालं, "अगं, त्या दिवशी मनोरीला होडीत मी..."

डोळे न उघडता ती म्हणाली, "बोलू नका आता. हात हलतो तुमचा."

तिला काय म्हणायचं होतं, मला ठाऊक नाही. मी दुसऱ्या गालाकडे वळलो, एवढं खरं.

ती गेली त्या सकाळी शेजारच्या बायकांनी तिचा मळवट भरला. त्यातली एक तिच्या गालांना हळद लावत होती, जोरजोरात. मी आत जाऊन ओरडलो, "चोळू नका! टेकवा!" मुलीने मला धरून बाहेर नेलं. म्हणाली, "बाबा, शांत व्हा." सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

मुली, तुझ्या आईने ब्लीच केलं नव्हतं. त्या पार्लरवालीने तिच्या भुवयांपलीकडे कशालाही हात लावला नव्हता. ट्यूब मी आणली, पुन्हा पुन्हा आणली, आणि होडीत खोटं मी बोललो. हे तुला सांगितलं, आत्यालाही वाचून दाखव. पण तुम्हाला सांगणं सोपं आहे.

तिला सांगायचं ते एवढंच होतं: तुझा चेहरा मी बिघडवला, आणि नाव तुझं पुढे केलं. मला माफ कर. एका गालावर क्रीम टेकवायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात म्हणून झालं असतं.