ओढ्याचं पाणी

आज सकाळी शेजारचे बापूराव गोबरगॅसच्या टाकीपाशी स्वतः शेण कालवताना दिसले, आणि मी मुद्दाम बांधावर थांबले. त्यांच्या मोठ्या गोठ्यातली घाण वर्षानुवर्षं ओढ्यात जायची. तेच पाणी पिऊन माझी गाभण म्हैस तडफडून मेली, तेव्हा ते म्हणाले होते, "जनावरच ते, मरायचंच."

मी ओढ्याचं पाणी तांब्यात भरून भर ग्रामसभेत त्यांच्यापुढे ठेवलं. "प्या," म्हटलं. ते प्यायले नाहीत. गावानं त्यांना टाकी बांधायला लावली.

सुडानं कुणाचं भलं होत नाही म्हणतात. माझ्या सुडानं ओढा तरी नितळ झाला. राग मात्र अजून तसाच आहे.

"काय बघतेस गं?" बापूराव खेकसले.

"काही नाही, चालू द्या तुमचं," म्हणत मी तिथंच ऐसपैस बसले.