चंद्रभागाबाईंचं बोलायचं काम

चंद्रभागाबाईंचा पहिला फोटो लग्नातला, दुसरा आधार कार्डावरचा आणि तिसरा थेट हळदीच्या पाकिटावर. मधे काही नाही. शिरड शहापूरच्या या शेळ्या राखणाऱ्या बाईला पन्नाशी उलटल्यावर मॉडेल केलं ते गावातल्याच सरितानं.

सरिता म्हणजे एस.टी.त कंडक्टर असलेल्या रत्नपालची थोरली लेक. अंगानं उंच, बोलण्यात चुणचुणीत. कॉलेज संपलं तशी पुण्याला गेली आणि साड्यांच्या, दागिन्यांच्या जाहिरातींत दिसू लागली. दोन मालिकांत नायिकेची मैत्रीणही झाली. मग तिशी आली आणि कुणा शहाण्यानं तिला विचारलं, नायिकेची मावशी करशील का? नायिका तिच्यापेक्षा चारच वर्षांनी लहान होती. सरितानं तोंडाला रंग लावणं सोडलं आणि दुसऱ्यांना कामं मिळवून द्यायचा धंदा धरला. कुणाला कसला चेहरा हवा ते ऐकायचं आणि तसं माणूस शोधून आणायचं. जाहिरातवाल्यांना खेड्यातली बाई हवी असली की शहरातल्या नटीला लुगडं नेसवून तिच्या गालाला काळं फासत. सरिताला ते बघवत नसे. "माझ्या गावाला चला, पाहिजे तशी बाई दाखवते," असं ती सांगू लागली.

फोटो म्हटला की ठेवणीतलं लुगडं नेसायचं आणि तोंड मिटून ताठ उभं राहायचं, एवढं चंद्रभागाबाईंना पक्कं ठाऊक होतं. वसमतला हळदीच्या ढिगापुढं त्या अशा उभ्या राहिल्या, जसं काही पोलीस पाटलानं पंचनाम्याला बोलावलंय. फोटोवाला घामाघूम झाला. शेवटी सरितानं त्यांची शेळी सोडली हळदीवर. बाई शिव्या घालत तिच्यामागं धावल्या आणि तोच फोटो छापला गेला. पाकीट बघून त्यांचे मालक मसाजी म्हणाले, "हे तोंड तर मला रोज फुकट बघाया मिळतं."

पाकिटामागून पाण्याच्या मोटारीची जाहिरात आली, मग बियाण्याची. ज्या वयात सरिताची कामं आटली त्याच्या कितीतरी पुढं गेल्यावर बाईंची सुरू झाली, याचं सरितालाच जास्त हसू येई. पण बाई खूश नव्हत्या. सगळीकडं नुसतं हसायचं नाहीतर लांब कुठंतरी बघायचं. आवाज मागून भलत्याच बाईचा.

"सरिता, मी काय मुकी हाय का गं?" त्या म्हणाल्या. "एकदा बोलायचं काम दे. मग मेले तरी चालंल."

आणि ते आलं. सिनेमा होता, शूटिंग सिद्धेश्वर धरणाच्या काठावर, आणि बाईंना चांगला लांबलचक प्रसंग. नवरा सकाळी उठतच नाही, त्याच्या बाजेपाशी बसून बोलायचं. त्यानंतरच्या साऱ्या प्रसंगांत कपाळ मोकळं.

बाईंचा चेहरा उतरला. "न्हाई जमणार. माझा मालक जिता हाय."

सरितानं भरीस घातलं नाही. "मावशी, तुमचं मन न्हाई तर न्हाई. पुण्याची बाई बोलावतील ते."

पुण्याची बाई! ते शब्द चंद्रभागाबाईंच्या काळजात रुतले. काम तर हवंच होतं, जीव तुटत होता त्यासाठी. पण कुंकवाला हात लावायचा विचार आला तरी अंगावर काटा येई. दोन दिवस त्या शेळ्यांशीसुद्धा बोलल्या नाहीत. तेव्हा मात्र मसाजी घाबरले.

"काहून गप गप राहून राहिलीस? तकलीफ हाय का काही?"

बाईंनी सांगितलं. मसाजी खो खो हसले. "अगं, मरायचं मला आन् रुसून तू बसलीस व्हय? मला इचारलं का कुणी? मी तयार हाय मराया!"

"काई बी बोलू नका. जीभ झडंल."

"मी समोरच बसतो. माझ्याकडं बघ आन् बोल. जिता दिसतो का न्हाई ते तपासत ऱ्हा."

याच अटीवर चंद्रभागाबाई तयार झाल्या. कॅमेऱ्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची मांडली गेली, तीत मयत माणूस फेटा बांधून बसला. पहिल्या खेपेला सगळं जुळून येत होतं, तेवढ्यात धरणावर कुणाच्या जाळ्यात मोठा मासा लागला म्हणून मसाजी उठून बघायला गेले. बाई बाजेपाशी थांबल्या. "आमचे मालक कुठं गेले? ते येईस्तोवर मी न्हाई बोलत." दिग्दर्शकानं कपाळावर हात मारला आणि माणसं धाडून मसाजींना आणवलं.

दुसऱ्या खेपेला बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. लिहून दिलेलं होतं ते धाय मोकलून रडायचं. पण समोर धडधाकट माणूस मिशीला पीळ देत बसलेला. रडू येणार कुठून? तोंडून रोजचंच निघालं.

"उठा की. ऊन वर आलं. शेळ्या वरडून राहिल्या. दोनदा चहा गरम केला, आता करायची न्हाई मी. ऐकून राहिले का? उठा."

आणि त्या थांबल्या. दिग्दर्शकानं लिहिलेलं रडणं खोडलं आणि हेच ठेवलं. मोकळ्या कपाळाचे प्रसंगही उरकल्याबरोबर मसाजींनी खिशातली कुंकवाची डबी काढून आपल्या हातानं बायकोला कुंकू लावलं, तेही भुवईच्या वर वाकडं.

सिनेमाची झलक मोबाइलवर फिरू लागली आणि चार दिवसांनी गल्लीच्या तोंडापासून रडण्याचा आवाज आला. जिंतूरकडं दिलेली मसाजींची बहीण आशाबाई, मयताच्या घरी येताना गळा काढतात तसा काढून येत होती. कुणीतरी दाखवलेल्या मोबाइलवर नंतरच्या प्रसंगातलं भावजयीचं मोकळं कपाळ आणि रिकामी बाज दिसली, तेवढं पुरलं. फोन करून विचारायचं तरी काय? मागोमाग गल्लीतल्या चार बायकाही कोण गेलं ते न विचारताच रडत आल्या.

"माझ्या भावा, मला कळवलं बी न्हाई रे कुणी!"

दारात भाऊ भाकर खात उभा. "काय झालं गं आक्का?"

आशाबाईंनी आधी त्याला चाचपलं, मग पाठीत दोन गुद्दे घातले, मग मिठी मारली. सगळं कळल्यावर म्हणाल्या, "दाखवा मला, कसा मेलास ते."

सरितानं तो प्रसंग धाडला होता, पण चंद्रभागाबाईंनी भीतीपोटी अजून उघडला नव्हता. आता सगळे मोबाइलभोवती बसले. पडद्यावरची बाई "उठा की" म्हणाली आणि आशाबाई पुन्हा रडू लागल्या, भावाचा हात घट्ट हातात धरून. "जिता हाईस हे दिसून राहिलं मला, तरी रडू येऊन राहिलं," म्हणाल्या. चंद्रभागाबाईंच्या अंगातून आनंदाची लाट गेली. जमलं होतं. त्यांना बोलता येत होतं.

त्यांनी मालकांकडं पाहिलं. मसाजी फेट्याच्या शेवानं डोळे पुसत होते.

"तुमी काहून रडून राहिले?"

"मानूस चांगला होता गं बिचारा."