तेरेझा टीचरांचा राहिलेला डाव

सॉलिटेअर हा एकट्याने खेळायचा पत्त्यांचा खेळ. पण धामापूरच्या तेरेझा टीचर आणि त्यांचे यजमान पेद्रूअंकल तो कॉम्प्युटरवर दोघं मिळून खेळत. एक पान अंकल हलवायचे, एक टीचर. शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी हेच. खेळ अर्धा राहिला की अंकल मशीन बंद करत नसत, झोपवत. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे.

त्या संध्याकाळी टीचर बांगडे तळत होत्या. अंकलनी पान हलवून हाक दिली, "आता तुझो डाव गो!"

"थांब रे, हात तेलकट आसत."

अंकलनी मशीन झोपवलं. रात्री छातीत कळ आली म्हणून हॉस्पिटलात नेलं, ते परत आलेच नाहीत.

महिन्याच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, भाची पेनड्राइव्हवर फोटो घेऊन आली, तेव्हा कुठे मशीन सुरू केलं. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली, स्वॅप सापडत नाही म्हणून. टीचरांनी घाबरून बटण दाबून ते बंद केलं आणि मला बोलावलं.

मालवणात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोजऐवजी लिनक्सवर चालणारं मशीन म्हटलं की लोक ते माझ्या गळ्यात मारतात, त्यामुळे मी कायम वैतागलेला. "स्वॅप म्हणजे डिस्कवरची अडगळ, टीचर. पुसून नवी करतो. दोन मिनिटांचं काम."

"पुसतलस? मगे आमचो अर्धो खेळ खंय जातलो, ओंकार?"

माझा हात थांबला. झोपताना मशीन उघडं असलेलं सगळं त्या स्वॅपमध्येच ठेवतं, आणि मी शहाणा तेच पुसायला निघालो होतो! नीट तपासलं. स्वॅप शाबूत होता. मशीनच भलत्या डिस्कवर शोधत होतं. भाचीचा पेनड्राइव्ह मागे तसाच राहिलेला, त्यालाच ते पहिली डिस्क समजत होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. पेनड्राइव्ह काढला, बटण दाबलं.

पडद्यावर पत्ते आले, अंकलनी सोडले होते तसेच.

"त्येच्याशिवाय घर खावक उठता रे," टीचर म्हणाल्या. खुर्चीत बसल्या. गाऊनला हात पुसले. हात कोरडेच होते. मग त्यांनी एक पान हलवलं.

पुढची दोन पानं मला सरळ दिसत होती, सांगणारही होतो. पण टीचरांनी माउस सोडला होता.

"पेद्रू, आता तुझो डाव," त्या म्हणाल्या. आणि माझ्याकडे वळून, "झोपव रे."

मी मशीन झोपवलं.