दगडांची लाल बाजू

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सकाळी सात वाजता मी चंद्रपूरच्या बागेत पोहोचले, तेव्हा सगळे दगड उलटे लावलेले होते.

आमच्या शांतिस्मारकात पुतळा नाही, तोफ नाही. हिरवळीतून जाणारी एक अरुंद वाट आणि तिच्या दोन्ही कडांना दगड, एवढंच. सरकारी निधी घेतला नाही. दगड लोकांनी आणून दिले. बल्लारपूरच्या कामगारांनी खाणीकडचे, मुलचेऱ्याच्या बंगाली गावांनी नदीतले, सावलीच्या शेतकऱ्यांनी बांधावरचे. प्रत्येक दगड अर्धा लाल, अर्धा पांढरा. पांढरी बाजू वाटेकडे, लाल बाहेर. पेंटर श्यामने लाल आत घेतली होती.

"श्याम, फिरव सगळे."

"काऊन मॅडम? लाल आतून कसं चमकून राह्यलं! लोक सेल्फी काढतीन."

"लाल ज्या बाजूला, त्या बाजूला सुरुंग. आत्ता तू सुरुंगांवर उभा आहेस."

त्याने पायांकडे पाहिलं. "आधी सांगाचं ना मॅडम! सकाळपासून नाचून राह्यलो इथी."

आम्ही दगड फिरवत होतो तेवढ्यात वंदनाबाई आल्या. स्मारक ज्यांच्या नावाने आहे, त्या सैन्यातल्या नाईक प्रकाश रामटेके यांच्या या पत्नी. सावलीजवळच्या गावातून पहिल्या बसने आल्या होत्या.

"मॅडम, उद्या माझे भासरे येऊन राह्यले. देवरावभाऊ, ह्याईचे मोठे भाऊ. एवढी वर्षं झाली, अजून गावात सांगतात, प्रकाशचा पाय चुकला म्हणून. मी सांगून सांगून थकली. तुम्ही होत्या तिथी. त्याईले तुम्हीच सांगा."

"सांगते," मी म्हटलं.

मी सैन्यात इंजिनिअर्सची अधिकारी होते. कॅप्टन असताना आमची कंपनी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेतल्या एका देशात गेली. तिथलं युद्ध थांबलं होतं, सुरुंग मात्र जमिनीतच होते. एका गावाला विहिरीपर्यंत सुरक्षित वाट करून द्यायची, हे माझ्या प्लाटूनचं काम.

रोजचा क्रम ठरलेला. पाचला चहा, सहाला ब्रीफिंग, ऊन तापायच्या आत काम. आधी डिटेक्टर फिरवायचा, मग सळईने जमीन तिरकी टोचत वीतभर पुढे सरकायचं. साफ झालेल्या पट्टीच्या कडांना रंगवलेले दगड ठेवायचे. पट्टी एका माणसापुरती. प्रकाश या कामात माझा सर्वांत भरवशाचा माणूस. बाकीच्यांशी तो हिंदी बोलायचा, माझ्याशी सावलीची मराठी.

"मॅडम, हे धानाच्या रोवण्यासारखंच काम आहे. कंबर मोडेपर्यंत वाकाचं. फक्त धानाच्या बांधीत मागं सरकतो, इथी पुढं."

एके दिवशी नऊच्या सुमारास एक बाई सुरुंगांच्या मैदानात उभी दिसली. डोक्यावर सरपणाचा भारा. पलीकडून लाकडं वेचत आत शिरली होती. आम्हाला पाहून तिला आपण कुठे आहोत ते कळलं आणि ती जागच्या जागी थिजली.

मी काम थांबवलं. दुभाष्याने ओरडून तिला सांगितलं, हलू नको.

"मी जातो, मॅडम," प्रकाश म्हणाला.

"जा. घाई नाही."

त्याने तिच्या दिशेने नवी पट्टी काढायला घेतली. टोचायचं, पाहायचं, दगड ठेवायचा. अकरा वाजून गेल्यावर तो तिच्यापर्यंत पोहोचला. भारा खाली ठेवायची खूण केली. तिने मान हलवली, भारा ठेवला नाही. प्रकाश हसला. मी दुर्बिणीतून पाहत होते. मग तो पुढे आणि ती त्याच्या मागे, असे दोघं परत निघाले.

अर्ध्या वाटेत असताना तिच्या घरचे मैदानाच्या कडेला येऊन पोहोचले. रडत, ओरडत तिला हाका मारू लागले. आम्ही त्यांना आवरेपर्यंत बाईचा धीर सुटला. भारा टाकून ती धावत सुटली.

रेडिओवर मी म्हटलं, "प्रकाश, थांबव तिला."

"मॅडम, बाई पळून राह्यली."

त्याचं हे शेवटचं बोलणं. तो जागेवर उभा राहिला असता, तर ती त्याच्यावर आदळून बाहेर पडली असती. त्याने मागे पाहिलं, खाली दगडांकडे पाहिलं आणि दगड ओलांडून बाहेर पाऊल टाकलं. ती त्याच्या बाजूने निघून गेली. स्फोट त्यानंतर झाला, त्याने दुसरा पाय टेकवला तेव्हा.

बाई वाचली. आम्ही दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा काम सुरू केलं. विहिरीपर्यंतची वाट पूर्ण झाली आणि मिशन संपण्याआधी गावच्या बायका त्या वाटेवरून पाणी नेताना मी पाहिल्या. माझ्या नोकरीतली सर्वांत अभिमानाची गोष्ट कोणी विचारली, तर मी या प्लाटूनचं नाव घेते.

उद्घाटनाला गर्दी चांगली होती. भाषणं आटोपल्यावर मी देवरावभाऊंना वाटेवर नेलं आणि वर लिहिलं आहे तेवढंच सांगितलं. पांढरा सदरा घातलेला, उन्हाने रापलेला म्हातारा माणूस. हातात चाफ्याची फुलं.

"लहानपणी बांधीत लय पडे तो," ते म्हणाले. "मले वाटलं, तसाच पडला असंन." मग दगडांकडे बोट दाखवलं. "हे असे दगड त्यानंच लावले होते?"

"त्याच्याच हाताने."

"मंग लाल कोणतं, पांढरं कोणतं, त्याले मालूम होतं."

"होतं. वाट एका माणसाची होती, भाऊ. ती त्याने तिला दिली."

वंदनाबाई मागे उभ्या होत्या. त्यांच्याकडे न पाहता, पण गावाहून आलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवरावभाऊ म्हणाले,

"पाय नाई चुकला माह्या भावाचा."

वाटेच्या टोकाला फुलांसाठी चौथरा बांधला आहे. ते तिकडे गेले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, दगड ओलांडला आणि लाल बाजूच्या गवतावर फुलं ठेवली.