गुलामाला कोण अडवू शकतं?

बहारीनमधल्या एका शाळेत मी सातवीला इतिहास शिकवते. मागच्या वर्षी ॲझटेक समाजाचा धडा चालला होता. वर राजा आणि सरदार, सुती कपडे फक्त त्यांनाच. खाली शेतकरी, कारागीर. सगळ्यात खाली गुलाम. गुलामाची मुलं मात्र जन्मापासून स्वतंत्र, हे ऐकून पोरं चकित झाली. मग मी एक नियम सांगितला. विकायला आणलेला गुलाम बाजारातून निसटून राजवाड्यात पोचला की सुटला. त्याला अडवायचा हक्क फक्त मालकाला आणि मालकाच्या मुलाला. दुसरं कुणी आडवं आलं तर तोच गुलाम व्हायचा.

"मिस, आणि मुलानं पकडलंच नाही तर?" पुण्याच्या एका बँकरच्या मुलीनं विचारलं.

"मग तो सुटेल."

पुढच्याच आठवड्यात तिची आई शाळेत आली. अदलिया भागातल्या त्यांच्या घरी सावंतवाडीकडच्या एक मावशी कामाला होत्या. लेकीच्या बाळंतपणासाठी त्या कधीपासून सुट्टी मागत होत्या. मावशींचा पासपोर्ट मात्र यांच्याच कपाटात.

"माझ्या मुलीनं कपाट उघडून तिला पासपोर्ट दिला, मॅडम! मी अंघोळीहून बाहेर येते तर दार उघडं, बाई टॅक्सीत बसतेय. ही दारात उभी. म्हणते, मी मावशीला पकडणार नाही." त्यांचा आवाज चिरकला. "आम्ही गुलाम ठेवतो, असं शिकवलंत का वर्गात?"

"नाही. ॲझटेकांचा कायदा शिकवला."

"घरच्यासारखं वागवलं हो तिला. दिवाळीला साडी घेतली."

"आणि सुट्टी?"

"सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. माझी नोकरी. तिच्यावाचून मी कसं करायचं, तुम्हीच सांगा."

मावशी घरातून थेट भारतीय वकिलातीत गेल्या होत्या आणि तिथून काही दिवसांनी गावी. मुख्याध्यापिकांनी मला बोलावून, पुस्तकात आहे तेवढंच शिकवा, अशी समज दिली. मुलीनं वर्गात हात वर करणं सोडलं. एकदा तास संपल्यावर ती टेबलापाशी आली.

"मिस, आजी सारखी मावशीला हाका मारते. आई आता जॉबला जात नाही. माझ्याशी बोलत पण नाही. मी बरोबर केलं ना?"

"हो," मी म्हणाले.

तिनं मान डोलावली. बाहेर बस भरत होती, तरी ती जागची हलली नाही. मी तिचं दप्तर उचललं आणि तिला बसपर्यंत सोडायला गेले.