बुडबुडा मध्यावर येईना

आमचे हे, दशरथ, आयुष्यभर डोंगरांच्या भेगा बघत फिरले. सासरे मंडईत हमाली करायचे. हे कॉलेजात गेले तेव्हा भूगर्भशास्त्राकडे कुणी फिरकत नव्हतं, जागा रिकाम्या होत्या, म्हणून ह्यांनी तो विषय घेतला. मग त्यानं असं झपाटलं, की लग्नानंतर मला सिंहगडावर नेलं तेही कड्याचा दगड दाखवायला. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणीला होते. मला मेलं दगडाचं काय कौतुक?

ह्यांचा जीव ब्रंटनमध्ये. ब्रंटन म्हणजे तळहातावर मावेल असं होकायंत्र, झाकणाला आरसा, आत सुई आणि काचेखाली एक बुडबुडा. बुडबुडा मध्यावर आणून हात स्थिर धरायचा, सुई थांबली की तिच्या पांढऱ्या टोकापाशी आकडा वाचायचा. त्यावरून भेग कुठल्या दिशेला उतरते ते कळतं. डोंगरात उतरत असेल तर ठीक. गावाकडे उतरत असेल तर कधी ना कधी दरड घरांवर येणार. निवृत्तीनंतरही एका खासगी कंपनीसाठी हे अशी कामं करायचे.

गेल्या वर्षी उजवा हात थरथरायला लागला. चहा बशीत सांडायला लागला तेव्हा मी म्हटलं, "अहो, डॉक्टरकडे चला."

"तू कप जास्त भरतेस," हे म्हणाले.

डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. कंपनीला कळवा म्हटलं तर ह्यांनी अबोला धरला. घरी बसवलं तर मी संपलो, एवढंच त्यांचं म्हणणं. शेवटी म्हणाले, "डोकं शाबूत आहे ना माझं? हात तुझा, वाचन माझं."

काय करणार, नशीब माझं. वेताळ टेकडीवर माझी शिकवणी सुरू झाली. पर्सच्या बटणात लोहचुंबक आहे, ती लांब ठेव. केसातल्या पिना काढ, सुई भरकटते. सासूबाईंनी काढल्या नसतील एवढ्या चुका ह्यांनी काढल्या. पण मी ब्रंटन धरायला शिकले, आकडा वाचायलाही शिकले. बुडबुडा मध्यावर आला की हे खूश व्हायचे, आणि मलाही बरं वाटायचं.

मग मुळशीकडच्या एका गावावरच्या कड्याचं काम आलं. सोबत कंपनीची पायल, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेली. मी आपली फिरायला आलेली बायको. पायल पलीकडे फोटो काढत होती. मी ब्रंटन धरलं, ह्यांनी आकडा वाचून तिला सांगितला. बरोबर होता. दुसऱ्या भेगेला तोच आकडा सांगितला. तिसऱ्या भेगेलाही तोच. सुई मलाही दिसत होती, आकडा वेगळा होता. ही तिसरी भेग सरळ गावाकडे उतरत होती.

"अहो, नीट बघा," मी हळूच म्हटलं.

हे वाकून बराच वेळ बघत राहिले. मग माझ्या कानाशी आले आणि अगदी खालच्या आवाजात विचारलं, "प्रेमला, पांढरं टोक कुठलं गं?"

टोक समोर होतं, पांढरंशुभ्र. मी ते दाखवलं असतं, आकडाही सांगितला असता, पायलला पत्ता लागला नसता. फार वाटलं, सांगून टाकावं. पण मग कारखान्यातून निवृत्त झालेल्या बाईच्या भरवशावर ते गाव झोपणार. खाली अंगणात एक बाई पोराला अंघोळ घालत होती.

"पायल, इकडे ये," मी हाक मारली. "वाचनं तू घे. आधीचीही परत घे. ह्यांना आता जमत नाही."

पायल ह्यांच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं, हे चिडतील, तिच्यासमोर माझी शोभा करतील. केली असती तर बरं झालं असतं. ह्यांनी थरथरता हात खिशात घातला. कड्यावर जागा अरुंद होती, म्हणून पायलला नीट उभं राहता यावं एवढे अंग चोरून बाजूला झाले.