शर्टाच्या बाहीवरचं डांबर

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. लेकींना न्हाई, सख्ख्या बहिणीला न्हाई. आज सांगून राह्यले ते मन हलकं करायला न्हाई — माझाच मला संताप येतो म्हणून.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मंठ्याकडून आमच्या गावाला डांबरी सडक येत होती, अन् शाळेवर सुमनबाई मास्तरीण म्हणून आल्त्या. बौद्ध होत्या. आमच्या गल्लीत खोली घेतली, ते लोकांना खुपलं. मला? मला त्या आवडायच्या — खोटं कशाला बोलू? माझ्या लुगड्याला बैलगाडीचं वंगण लागलं, तवा त्यांनीच सांगितलं, "वहिनी, आधी रॉकेल चोळा, मंग गरम पाणी अन् सोडा. सगळं निघतं."

एका सकाळी त्यांच्या दाराला डांबर फासलेलं. अन् आमच्या धुण्यात नवऱ्याचा पांढरा शर्ट, उजवी बाही काळी. त्याला काही विचारलं मी? न्हाई. रॉकेलची बाटली घेतली अन् चोळत बसले. सोड्यात भिजवला, पुन्हा चोळला. वास जाईस्तोवर चार वेळा धुतला, उन्हात टाकला.

दुपारी पारावर माणसं जमली. सुमनबाईंनी माझ्या नवऱ्याकडं बोट केलं, म्हणाल्या, "पहाटे पाण्याला उठले तवा यांना पळताना पाह्यलं मी. शर्टाची बाही काळी होती."

नवऱ्याचं तोंड उतरलं. मी घराकडं धावले, दोरीवरचा शर्ट ओढून आणला अन् सगळ्यांसमोर धरला. "दाखवा ना डाग! गल्लीत जागा दिली, अन् आमच्यावरच आळ घेता?"

लोक फिदीफिदी हसले. सुमनबाईंनी बाही पाह्यली, मंग माझ्याकडं पाह्यलं. त्यांना कळलं — त्यांना न्हाई तर कुणाला कळणार? मंग पाठ फिरवून खोलीकडं निघाल्या. 'बाई खोटे आळ घेतात' म्हणून गावानं वर अर्ज धाडला. महिन्याभरात बदली. ट्रंक उचलून एकट्या एष्टीत चढल्या. मी दाराआडून पाहत होते.

"बराबर वेळेवर आलीस," नवरा म्हणाला होता. किती वर्षं त्याच्यावर आग पाखडली मी! कशाला? शर्ट धू म्हणून त्यानं सांगितलंच न्हवतं. धमकावलं न्हवतं. अन् जागा दिल्याचं ते वाक्य — तेही मला कुणी शिकवलेलं न्हवतं. माझ्याच तोंडून आलं.